तीन आठवड्यांचं लोणचं

…आणि ही एक चकती काही केल्या सुटेना. सुरीच्या पात्याला ती चिकटून बसली होती — ओलसर, मधोमध बियांचं फिकट चक्र — इतकी पातळ, की तिच्याआडून पात्यावरचा जुना ओरखडा दिसत होता. त्याने अंगठ्याने ढकलली. ती अंगठ्याला चिकटली. अंगठ्यावरून तर्जनीवर, तर्जनीवरून पुन्हा पात्यावर. चौसष्ट वर्षांचा माणूस सकाळी साडेदहा वाजता काकडीच्या एका चकतीशी झुंज देतोय आणि चकती सरस ठरतेय, हे पाहायला स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

दोन मिलिमीटर. नर्सबाई नुसतं 'पातळ' म्हणाल्या होत्या. पातळ म्हणजे किती हे लोक सांगत नाहीत; लोक 'चिमूटभर' म्हणतात, 'अंदाजाने' म्हणतात, 'थोडा वेळ' म्हणतात, आणि तरी जग चालतं… त्याने पहिल्या चार चकत्या पट्टीने मोजल्या होत्या. मग स्वतःचीच लाज वाटून पट्टी पुसून खणात ठेवली आणि पाचवी चकती नजरेने कापली. ती तीन मिलिमीटर भरली — म्हणजे भरली असावी; पट्टी आता खणात होती.

"धाकट्या!" आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला. आवाज पूर्वीपेक्षा निम्मा झाला होता, हुकूम मात्र पूर्ण होता. "जिवंत आहेस ना?"

"आहे."

"मग आवाज कर काहीतरी. सुरी चालल्याचं ऐकू येईना, मला वाटलं बोट गेलं."

तो मुद्दाम जोरजोरात कापू लागला. जिवंत आहेस ना — हे तिने विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं. आणि उलट विचारायची सोय नाही. सकाळी उठल्यावर मी आधी दारातून बघतो, तिच्या पांघरुणाची घडी वरखाली होतेय का. ती झाली की मग मोठ्याने म्हणतो, 'काय, झोप लागली का?' — जणू त्याचसाठी आलो होतो.

ताई एकाहत्तर वर्षांची होती. अडतीस वर्षं तिने शाळेचे गणवेश शिवले. पोराच्या आजच्या मापाचा कपडा तिने आयुष्यात कधी शिवला नाही, आत दोन इंच कापड दुमडून ठेवायची आणि पोराच्या आईला सांगायची, "वाढत्या अंगाचं आहे. पुढच्या वर्षी उसवून घ्या." अख्ख्या वस्तीतली पोरं तिच्यामुळे वर्षभर ढगळ फिरायची. आता दोन महिने ती खिडकीपाशी पलंगावर होती, शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती, आणि चादरीवर औषधांच्या पट्ट्यांची रांग. धाकटा भाऊ — लग्नाच्या भानगडीत तो पडला नव्हता, तीही पडली नव्हती — आपल्या दोन खोल्यांना कुलूप लावून तिच्याकडे राहायला आला होता. 'तुझी सोय व्हावी म्हणून येऊ देतेय,' ती म्हणाली होती. 'एकटा असलास की नुसता चहा-बिस्किटांवर राहतोस.'

लोणच्याची कल्पना मूळ तिचीच. म्हणजे लोणच्याची नव्हे, आवाजाची. तिला जे काही देत होते ते सगळं मऊ होतं — शिजवलेलं, घोटलेलं, गाळलेलं. औषधांनी जिभेची चव गेली होती. आंबट तेवढं कुठेतरी खोल पोचायचं. परवा तिने वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "काहीतरी असं दे रे, की खाल्ल्याचं कानाला तरी कळेल." नर्सबाई तेव्हा तिच्या हाताला पट्टा गुंडाळून रक्तदाब बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काका, काकडीचं लोणचं करा ना. फ्रीजमधलं. त्याला ना ऊन, ना तेल. काकडी पातळ कापायची, मीठ लावून तासभर ठेवायची, सुटलेलं पाणी फेकून द्यायचं. व्हिनेगर, पाणी, साखर उकळून गार करायचं आणि ओतायचं वरून. झालं. काहीच येत नाही त्यालाही येतं."

"मग याला येईल," ताई म्हणाली.

"किती टिकतं?" त्याने विचारलं. न विचारता राहणं त्याला शक्यच नव्हतं. पोटापाण्याचा धंदाच तो होता.

"तीन आठवडे. पण तेवढं उरतंय कुठे काका, त्याच्या आधीच संपतं."

नर्सबाई पट्टा सोडत होत्या, हवा फुस्स करून गेली. त्याने ताईकडे पाहिलं नाही. ताई खिडकीबाहेर बघत होती — की बघत असल्यासारखं करत होती… तेव्हापासून हे ठरत नव्हतं.

पस्तीस वर्षं त्याने मुदत ठरवण्याचं काम केलं. औषधाच्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेली असते ती तारीख आभाळातून पडत नाही; त्यासाठी एक खोली असते आणि खोलीत कपाटं असतात. चाळीस अंश उष्णता, पंचाहत्तर टक्के दमटपणा. त्या कपाटांत गोळ्या कोंडायच्या आणि सहा महिन्यांत त्यांना दोन वर्षांचं आयुष्य भोगायला लावायचं. ठरलेल्या दिवशी दार उघडायचं, चार गोळ्या काढायच्या, दळायच्या, तपासायच्या — किती उरलंय? शंभरातलं अठ्ठ्याण्णव? चौऱ्याण्णव? लोकांना वाटतं त्या तारखेला गोळी मरते. तसं काही नसतं. गोळी होती तशीच असते. त्या दिवसानंतर कंपनी फक्त हात झटकते. हे वाक्य त्याने निवृत्तीच्या समारंभात ऐकवलं होतं. सगळे हसले होते. साहेब सगळ्यांत उशिरा हसले होते.

आणि गेल्या सोमवारी, इस्पितळाच्या लांब बोळात, कॉफीच्या यंत्राशेजारी उभं राहून तो तरुण डॉक्टर म्हणाला होता, "तीन आठवडे. फार तर चार." — आणि याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "कुठल्या तापमानाला?"

डॉक्टर बघतच राहिला. यंत्राने मध्येच गुरगुर केली आणि कपात कुणीतरी पैसे टाकून विसरलेली कॉफी ओतली. डॉक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, 'असं होतं' अशा अर्थाने. असं होत नाही हो. असं फक्त माझ्याच बाबतीत होतं. माझ्या सख्ख्या बहिणीची मुदत सांगितली तर मी साठवणुकीच्या अटी विचारतो.

अठराव्या काकडीपर्यंत यायला साडेअकरा झाले. हो, अठरा. नर्सबाईंच्या हिशोबाने दोन काकड्या पुरे होत्या, एक छोटी बाटली. सकाळी मंडईत तो दोन काकड्या हातात घेऊन उभाही राहिला होता. पण दोन काकड्या म्हणजे… दोन काकड्या घेऊन घरी जाणं म्हणजे कबुली देण्यासारखं होतं. पिशवी उघडून ताईला दाखवायची आणि तिने मोजायचं: दोन. त्याने आणखी चार उचलल्या. मग आणखी. भाजीवाली म्हणाली, "घरात लग्न आहे का काय?"

"लोणचं करायचंय."

"एवढं? मग वरीसभराची बेगमी म्हणा की!"

वरीसभराची. त्याने पिशवी घेतली आणि सुटे पैसे न घेताच निघाला. तिला हाका मारून बोलवावं लागलं.

चकत्यांना मीठ लावून त्याने मोठं पातेलं झाकलं, हात धुतले आणि ताईच्या खोलीत जाऊन बसला. तासभर करण्यासारखं काही नव्हतं. मीठ आपलं काम करत होतं. काय सोपी गोष्ट आहे — मीठ लावलं की काकडी धरून ठेवलेलं सगळं सोडून देते, कुणी विचारायलाही लागत नाही.

"किती केलंस?" ताईने डोळे मिटूनच विचारलं.

"थोडंसंच."

"थोडंसं कापायला तास लागला?"

"पातळ कापायचं असतं."

"पट्टी घेतलीस ना?"

"पहिल्या चारच मोजल्या."

ती हसली. हसलं की तिला आता खोकला यायचा आणि खोकला आला की ती हसणं तिथल्या तिथे गिळून टाकायची. त्याने उशी वर ओढली, पाणी दिलं. तिचा दंड त्याच्या हाताच्या पकडीत पूर्ण मावला. बोटं पलीकडून येऊन अंगठ्याला भेटली. या दंडाने मला उचललेलं आहे. दवाखान्यात, रांगेत, पाय मोडला तेव्हा जिन्यावरून… त्याने हात लवकर काढून घेतला.

"उद्या नर्सबाईंना सांग, मला आजी म्हणायचं नाही म्हणून," ती म्हणाली. "आजी कुणाची मी? आत्या म्हण, मावशी म्हण, बाई म्हण. फुकटची बढती नको."

"सांगतो."

"आणि डॉक्टरकडे पुन्हा कधी जायचंय?"

"अं… पुढच्या महिन्यात म्हणाले. सावकाश."

किती सहज निघालं. पाच दिवसांत जीभ तयार झाली होती. सोमवारी टॅक्सीत बसताना तिने विचारलं होतं, 'काय म्हणाला रे तो पोरगा?' आणि त्याने सांगितलं होतं, 'औषधं बदललीत. हळूहळू फरक पडेल.' ती 'बरं' म्हणाली आणि सगळा रस्ता दुकानांच्या पाट्या वाचत बसली. तिला सांगायचं नाही असं त्याने ठरवलेलंही नव्हतं. ठरवायला काही उरलंच नव्हतं. या घरात तो कायदा आधीपासून होता, आणि तो तिनेच केला होता.

अकरा वर्षांपूर्वी आई याच खोलीत होती. तेव्हाही असाच एक डॉक्टर, असाच एक बोळ. ताईने तिघा भावंडांना स्वयंपाकघरात उभं केलं — ती स्वतः, मधली बहीण आणि हा — आणि हळू आवाजात सांगितलं, "आईला कुणी काही सांगायचं नाही. चेहरे नीट ठेवा." त्यांनी चेहरे नीट ठेवले. तो तर पुढच्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन आला आणि आईच्या समोरच्या भिंतीवर खिळा ठोकून लावलं. असला फाजील उत्साह त्याला नेहमीच होता. ताई आईसाठी थंडीचं जाकीट शिवायला बसली, भर उन्हाळ्यात. मधलीने काहीच आणलं नाही. एका दुपारी ती आईपाशी एकटीच बसली होती आणि आईने तिला विचारलं, 'मी यातून उठणार का गं?' मधली म्हणाली, 'नाही, आई.'

आई त्यानंतर नऊ दिवस होती. ताई म्हणाली, नऊ महिने काढले असते. मधली म्हणाली, तिने विचारलं, मी सांगितलं. एवढीच दोन वाक्यं. त्यांच्यावर अकरा वर्षं निघाली. मधली दोन बसेस बदलल्या की पोचता येईल इतक्या अंतरावर राहते. भावाकडून दोघी एकमेकींच्या खबरा काढायच्या, आणि खबर मिळाली की दोघीही म्हणायच्या, 'मला काय करायचंय!' ताई आजारी आहे एवढं त्याने मधलीला सांगितलं होतं. तारीख सांगितली नव्हती. कायदा सगळ्यांना सारखा.

आणि हीच तर मेख होती. ताईला कळलं असतं तर कदाचित तिने मधलीला बोलावलं असतं. 'बरी झाले की बघू' असं ती दोन महिन्यांत तीनदा म्हणाली होती, आणि तीन वेळा त्याने मान डोलावली होती. म्हणजे मी मान डोलावतो तेव्हा नेमकं काय करतो? तिला तीन आठवडे सुखाचे देतो, आणि त्या तीन आठवड्यांतून एक माणूस काढून घेतो. सांगितलं तर आईसारखं… नऊ दिवस. न सांगितलं तर दाराशी मधली उभी राहील, उशिरा, आणि मला विचारेल — तुला माहीत होतं? हे कुठल्याच कपाटात ठेवून तपासता येत नाही. याला चाळीस अंश नाहीत, याची चार गोळ्यांएवढी नमुन्याची पट्टी नसते. एकच गोळी आहे, न तपासता तीच द्यायची…

"पाणी सुटलं असेल," ताई म्हणाली.

"अं?"

"काकडीला. तास झाला."

पातेल्यात खरंच तळं साचलं होतं. चकत्या मलूल होऊन त्यात एकमेकींवर पडल्या होत्या. अठरा काकड्यांचा ढीग अर्धा झाला होता, आणि याचं त्याला उगीचच वाईट वाटलं. त्याने सगळं गाळणीत ओतलं, दाबलं, पुन्हा दाबलं. मग व्हिनेगर आणि तितकंच पाणी — यासाठी मात्र त्याने नळीसारखा उभा मोजपेला काढला. निवृत्त होताना कारखान्याने त्याला घड्याळ दिलं होतं आणि मोजपेला त्याने स्वतःच घेतला होता. साखर, मीठ, मोहरी, आठ-दहा मिरी, ठेचलेला लसूण. उकळी आली तशी वाफ नाकात घुसली, डोळ्यांत घुसली, दारातून आतल्या खोलीत गेली.

"काय रे, बॅटरी फुटली का कसली?"

"व्हिनेगर आहे!"

"शेजारचे येतील विचारायला!"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते व्हिनेगरचं होतं म्हणून त्याने ते वाहू दिलं. पाच दिवसांत पहिल्यांदा. बाह्या वर केलेल्या होत्या म्हणून कोपराने पुसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग तसाच उभा राहिला, ज्योत बारीक करून, आणि पातेल्यात मोहरीचे दाणे वर येत होते, खाली जात होते, वर येत होते… गॅस बंद करायला त्याला बराच वेळ लागला. द्रव आटला होता. त्याने मोजून पुन्हा पाणी घातलं. चुकलं असेल प्रमाण, असू दे. आयुष्यात पहिल्यांदा तो 'असू दे' म्हणाला.

गार झाल्यावर तीन बरण्या भरल्या. मोठ्या, रुंद तोंडाच्या. एकेकीत ताईचा महिनाभराचा धागा-दोरा मावायचा, त्या त्याने सकाळीच रिकाम्या करून धुतल्या होत्या. सवयीने त्याने तीन चिठ्ठ्या चिकटवल्या. पहिल्या ओळीत लिहिलं: काकडी. दुसऱ्या ओळीत: तयार केल्याची तारीख. तिसऱ्या ओळीत: मुदत — आणि तिथे पेन थांबलं. आज अधिक एकवीस. बेरीज पोरासोरांनाही जमेल अशी होती. सोमवारपासून चालू झालेल्या दुसऱ्या एकवीस दिवसांच्या पाच दिवस पुढे ती तारीख जाऊन पडत होती. म्हणजे लोणचं… लोणचं मागे राहणार होतं. त्याने ती ओळ तिन्ही चिठ्ठ्यांवर कोरी सोडली आणि बरण्या फ्रीजमध्ये लावल्या. दूध काढून दाराच्या कप्प्यात ठेवावं लागलं, अंडी बाहेर आली, कालची डाळ त्याने खाऊन टाकली. फ्रीजभर हिरव्या चकत्या काचेला गाल टेकून बाहेर बघत होत्या.

चार वाजता ती उठली आणि म्हणाली, "आण बघू."

"उद्यापर्यंत मुरू दे. नर्सबाई म्हणाल्या—"

"उद्याचं उद्या. आज आण."

त्याने बशीत सहा चकत्या आणल्या. तिने एक उचलली, उजेडात धरली, त्यातून खिडकी बघितली. मग तोंडात टाकली. बारीकसा आवाज झाला — कुर्र्. तिने चावणं थांबवलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चावलं. कुर्र्. डोळे मिटले. कितीतरी वेळ ती एकच चकती खात होती, आणि तो तिच्या जबड्याच्या हाडाकडे बघत होता, कातडीखाली ते कसं स्पष्ट सरकतंय ते.

"साखर जास्त झालीय," ती म्हणाली.

"कमी करू पुढच्या वेळी."

"आवाज चांगला आहे पण." तिने दुसरी घेतली. "बरणी दाखव."

त्याने बरणी आणली. तिने ती मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी, बाळ घ्यावं तशी. जड होती, पण तिने सोडली नाही. चिठ्ठी वाचली. "एवढं?"

"एवढंच."

"धाकट्या, दूध दारात का आहे? मघाशी तू फ्रीज उघडलास तेव्हा मला इथून दिसलं. किती बरण्या आहेत?"

"…तीन."

"तीन." मग तिच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. "म्हणजे तूसुद्धा वाढत्या अंगाचं शिवायला लागलास."

त्याला हसू आलं, खरोखर आलं, आणि आल्याआल्या तो खिडकीकडे वळला. खाली कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं. ती पुन्हा पुन्हा घसरत होती.

"हे तीन आठवडे टिकतं ना?" ती मागून म्हणाली. "नर्सबाई सांगत होत्या. मग तू ही ओळ कोरी का ठेवलीस? तू? ज्याने माझ्या खोबरेल तेलाच्या बाटलीवरसुद्धा तारीख लिहिलीय?"

सांगावं. आत्ता. ती विचारतेय. पाठ तिच्याकडेच आहे, तोंड दिसत नाहीये, एक वाक्य आहे… "राहिलं लिहायचं," तो म्हणाला. "लिहितो."

"नको लिहूस."

सायकल शेवटी उभी राहिली.

"इकडे बघ," ताई म्हणाली. त्याने पाहिलं. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. कपड्याचं माप घेताना असायचा तसा होता, लक्ष देऊन बघणारा. "मी मधलीवर का रागावले, माहितीय तुला?"

"आईला सांगितलं म्हणून."

"सगळ्यांना तेच सांगितलं मी. पण तसं नाही रे." तिने बरणीच्या झाकणावरून बोट फिरवलं. "मी दिवसरात्र आईजवळ होते. उठवत होते, पुसत होते, भरवत होते. ती मधली आठवड्यातून दोनदा यायची, पाय वर घेऊन बसायची आणि चहा मागायची. आणि आईने विचारलं कुणाला? तिला. मला नाही विचारलं. का, तर मी खोटं बोलेन हे आईला पक्कं माहीत होतं. अकरा वर्षं तेच टोचतंय. सांगितलं ते नाही — मला विचारलं नाही ते."

तो उभाच होता. बसावं असं वाटलं पण खुर्चीवर अंडी होती; दुपारी फ्रीजमधून काढून त्यानेच ठेवली होती, स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून.

"आता मी इथे पडलेय, आणि मला आईचं कळतंय," ताई म्हणाली. "मीही तुला विचारत नाहीये. बघ, पाच दिवसांत एकदा तरी सरळ विचारलं का? टॅक्सीत विचारलं तेवढंच, तेही तुला काहीतरी बोलायला मिळावं म्हणून. तुझा चेहरा काय झाला होता, तुला माहीत नाही."

"ताई—"

"नको. तू बोलू नकोस. तू सांगायला लागलास की तूच रडशील, मग तुझं बघत बसावं लागेल मला. तुला ते जमत नाही. त्यात कमीपणा नाही काही. मलाही जमलं नव्हतं." ती थांबली, श्वास घेतला, मोजून घेतल्यासारखा. "मधलीला जमतं. तिला फोन कर. म्हणावं, तीन बरण्या झाल्यात, एक घेऊन जा. आणि म्हणावं, मला तिला काहीतरी विचारायचंय. उद्याच ये म्हणावं. नंतर नको."

"लोणच्याचं सांगू आधी?"

"आधी लोणच्याचं सांग. नुसतं 'विचारायचंय' म्हटलं तर ती फोन ठेवेल." पुन्हा तो तोंडाचा कोपरा. "आणि जाताना दार लावून घे. मला ही बशी संपवायचीय, आणि तू बघत बसतोस."

त्याने दार लावलं. बाहेर, दारालगतच्या अरुंद जागेत, चपलांच्या फळीपाशी तो उभा राहिला. आतून कुर्र् आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक. पाच दिवस तो एक वजन डोक्यावर घेऊन या घरात वावरत होता, जपून, सांडू न देता, कुठे धक्का लागू न देता — आणि आत्ता लक्षात येत होतं की डोक्यावर काहीच नव्हतं. ते ताईकडे होतं. ती पहिल्या दिवसापासून ते पांघरुणाखाली घेऊन झोपत होती आणि याच्यापासून लपवत होती. दुकानांच्या पाट्या वाचत होती. पुढच्या महिन्याची भेट विचारत होती. याचा चेहरा नीट राहावा म्हणून. म्हणजे गेले पाच दिवस ज्याला काही कळू द्यायचं नाही असं या घरात ठरलं होतं, तो माणूस मी होतो.

त्याने नंबर लावला. हलकं वाटायला हवं होतं आणि ते वाटतही होतं, आणि त्याचीच त्याला शरम वाटत होती; जणू वर्गात प्रश्न शेजारच्यावर गेला आणि आपण सुटलो. तिकडे घंटा वाजत होती. तो लहान असताना या दोघी अशाच दार लावून घ्यायच्या, तासन्‌तास, आणि तो बाहेर बसून फटीतून येणारी कुजबुज ऐकायचा, त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. पण दोघी आत आहेत, एवढं मात्र त्याला पुरायचं. उद्या पुन्हा दार लागेल. आत दोघी असतील. तो बाहेर असेल. आणि मग कधीतरी, ते किती दिवसांनी हे आता तो मोजत नव्हता, आत एकही…

"कोण?" मधलीचा आवाज आला. मागे नळ चालू होता, भांड्यांचा आवाज होता. "हॅलो? अरे, तू आहेस होय. बोल ना. काय झालं? ताई बरी आहे ना?"

आधी लोणच्याचं सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं. चेहरा नीट ठेवायला इथे कुणी बघत नव्हतं, आणि तो नीट राहिला नाही. त्याने तो तसाच राहू दिला.